शकुनीचा सूड : महाकाव्यात व दूरचित्रवाणीवर

दूरचित्रवाणीवरील खलपात्रास केवळ दुष्टपणा पुरत नाही. त्याच्या कृत्यांना हेतू लागतो. २०१३-१४ साली ‘स्टार प्लस’ वाहिनीने प्रक्षेपित केलेल्या ‘महाभारत’ मालिकेतील शकुनी हे याचे बोधक उदाहरण होय. भगिनी गांधारीचा विवाह अंध धृतराष्ट्राशी ठरणे हा स्वकुलाचा अवमान मानून तो कुरुकुलाच्या नाशाचा निर्धार करतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हा हेतू आढळत नाही. आदिपर्वात शकुनी बहिणीस हस्तिनापुरास पोचवितो आणि भीष्मांकडून सत्कार स्वीकारून परततो. सभापर्वात मत्सराने जळतो तो दुर्योधन. शकुनी प्रथम त्याची समजूतच घालतो. द्यूताचा उपाय त्यानंतर सुचवितो.

सूडाच्या कल्पनेने पात्रास खोली येते, यात संशय नाही. दुखावलेला स्वाभिमान प्रेक्षकास परिचित वाटतो आणि अपराधास ऋणफेडीचे रूप येते. परंतु विसंगतीही येथेच आहे. जिच्या मानासाठी हा खटाटोप, त्या बहिणीचेच शंभर पुत्र त्यात मरतात. तात्पर्य, येथे जपला जातो तो शकुनीचा अहंकार. गांधारीचा मान नव्हे.

याहून गंभीर प्रश्न दोषाच्या वाटणीचा आहे. द्यूतास संमती धृतराष्ट्राने दिली. द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी बहुतेक सभासद मौन राहिले. सर्व अनर्थ एकाच्या सूडातून उपजला असे मानले, की ही सभा निर्दोष ठरू लागते. महाकाव्य तिला ती सूट देत नाही.