‘नौकरी’ आणि ‘काम’ : भिलाईतील समाजपरिवर्तनाचे दोन शब्द

समाजपरिवर्तनाचा मागोवा बहुधा घटना आणि आकडे यांच्या आधारे घेतला जातो; व्यवहारातील शब्दांकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. भिलाईत मात्र ‘नौकरी’ आणि ‘काम’ या दोन हिंदी शब्दांमध्ये एका औद्योगिक समाजाची घडण साठलेली आढळते.

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार दुर्ग जिल्ह्यातील या ग्रामीण परिसरात पोलाद कारखाना उभा राहिला व १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नाना प्रांतांतील, नाना भाषा बोलणारे लोक येथे एकत्र आले. जात, प्रांत आणि धर्म यांची बंधने गळून नवा, एकसंध कामगारवर्ग घडेल, अशी नेहरूकालीन धारणा होती.

मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी ‘क्लासेस ऑफ लेबर’ (२०२०) या ग्रंथात या धारणेची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते कारखान्यातील कायम कामगारांमध्ये जातीची धार पुष्कळ बोथट झाली. परंतु त्याच वेळी कायम कामगार आणि ठेकेदाराकडील मजूर यांच्यात वर्गाची नवी भिंत उभी राहिली. वेतन, घर, उपचार आणि मुलांचे शिक्षण यांची शाश्वती म्हणजे ‘नौकरी’. उद्याचा भरवसा नसलेले कष्ट म्हणजे ‘काम’. ही भिंत ओलांडण्याची किंमत मोठी होती. भिलाईतील खासगी उद्योगांतील ठेका मजुरांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर ठिय्या देणाऱ्या आंदोलकांवरील पोलीस गोळीबारात अनेक मजूर मृत्युमुखी पडले.

मुंबईच्या गिरणगावात हाच भेद ‘कायम’ आणि ‘बदली’ या शब्दांनी व्यक्त होई. बदली कामगारांना कायम करावे, ही १९८२ च्या संपातील एक मागणी होती. तथापि, गिरणगावात कायम आणि बदली कामगार पुष्कळदा एकाच चाळीत राहत. भिलाईत कारखान्याची वसाहत आणि भोवतालच्या वस्त्या यांनी हा भेद जमिनीवरच आखून दिला.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक सावधगिरीची सूचना मिळते. मराठी ‘कामगार’ या शब्दात ‘नौकरी’ असलेला आणि केवळ ‘काम’ असलेला असे दोघेही सामावतात. म्हणून कामगार साहित्याची तुलना करताना त्यातील ‘आम्ही’ नेमका कोणाचा, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.