वास्तू आणि वाट : ल प्वी ते काँक या फ्रेंच ग्रामीण मार्गाचा वारसा

प्रास्ताविक

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील ऐतिहासिक स्थळांचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम मठ, चर्च, गढ्या आणि जुने दगडी पूल यांकडे जाते. या स्थळांना जोडणाऱ्या पायवाटेचा उल्लेख झाला तरी तो बहुधा निसर्गसौंदर्याच्या सदरात होतो; वास्तू हा इतिहासाचा विषय आणि वाट ही पर्यटनाची सोय, अशी जणू विभागणीच झालेली असते. प्रस्तुत लेखात ही विभागणी कितपत ग्राह्य आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे तपासले आहे. त्यासाठी मध्य फ्रान्समधील ल प्वी-आँ-व्हले हे शहर आणि काँक हे खेडे यांदरम्यानचा सुमारे २०० किलोमीटरचा पायी मार्ग निवडला आहे. स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला येथे जाणाऱ्या यात्रामार्गाचा हा प्रारंभीचा भाग असून 'जे. आर. ६५' या क्रमांकाने तो आज ओळखला जातो. सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला तो चालण्यास नऊ-दहा दिवस पुरतात.

मार्गाचे स्वरूप

ल प्वी हे शहर ज्वालामुखीजन्य सुळक्यांच्या खोऱ्यात वसलेले आहे. त्यांपैकी एका सुळक्याच्या माथ्यावर, २६८ पायऱ्या चढून गेल्यावर, संत मिकाएलचे छोटे प्रार्थनामंदिर लागते. ते दहाव्या शतकात येथील बिशप गोदेस्काल्क याच्या काळात उभे राहिले. हाच गोदेस्काल्क इ. स. ९५०-५१ मध्ये सान्तियागोच्या यात्रेस गेला होता. स्पेनबाहेरून त्या तीर्थक्षेत्री गेलेल्या आणि नावानिशी ज्ञात असलेल्या आरंभीच्या यात्रेकरूंत त्याची गणना होते. शहराबाहेर पडताच मसुराची शेते सुरू होतात. येथील हिरव्या मसुराला १९९६ पासून भौगोलिक उत्पत्तीचे कायदेशीर संरक्षण आहे. पुढे आलिए नदीची खोल घळ उतरून पलीकडची चढण चढली की मार्झरीदचे ग्रॅनाइटचे पठार लागते. १७६४ ते १७६७ या काळात शेकडो गावांना भयभीत करणाऱ्या 'झेव्होदाँच्या श्वापदा'ची कथा याच परिसरातील.

तथापि या मार्गाचा गाभा म्हणावा असा भाग म्हणजे ओब्राकचे पठार. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर पसरलेला हा कुरणांचा प्रदेश जवळजवळ वृक्षहीन आहे. चुना न वापरता रचलेल्या दगडी बांधांमधून वाट जाते आणि दूरवर क्वचित एखादे दगडी गोठाघर दिसते. या घरांना स्थानिक भाषेत 'ब्युराँ' म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस खालच्या खोऱ्यांतून गुरे वर आणायची, गुराख्यांनी उन्हाळाभर या घरांत राहून चीज तयार करायचे आणि ऑक्टोबरात पुन्हा खाली उतरायचे, असा हा क्रम होता. चीज करण्यासाठी ब्युराँचा होणारा वापर विसाव्या शतकात जवळजवळ संपुष्टात आला. गुरे मात्र अद्याप वर येतात. हिवाळ्यात याच पठारावर दाट धुके आणि हिमवादळे असतात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने येथे यात्रेकरूंसाठी आश्रयगृह स्थापन केल्याचे सांगितले जाते. वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तेथील घंटा धुक्यात वाजत असे. फ्रेंच राज्यक्रांतीत ही संस्था बरखास्त झाली. चर्च आणि एक बुरूज एवढेच आज ठळकपणे उरले आहे.

हे पठार विद्याशाखांच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राने १९६३ नंतरच्या काही वर्षांत ओब्राकचे आंतरविद्याशाखीय सर्वेक्षण हाती घेतले. संग्रहालयशास्त्रज्ञ झॉर्झ आँरी रिव्हिएर यांचा त्यात पुढाकार होता. कृषितज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि इतिहासकार यांनी एकाच लहान प्रदेशात एकत्र काम केले आणि त्याचे निष्कर्ष १९७० पासून अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. लोप पावत चाललेल्या पशुपालक जीवनाची नोंद शेवटच्या क्षणी झाली, ती या सर्वेक्षणामुळे. मात्र त्यातील सर्वांत जिवंत संदर्भ ग्रंथालयात मिळत नाही. गुरांचा ऋतुचक्राप्रमाणे होणारा प्रवास जमिनीवर जिथे उमटला आहे, त्या बांधांमधल्या वाटांवर तो चालूनच वाचावा लागतो.

ओब्राक गावापासून लोत नदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरचा उतार आहे. कुरणे संपून बीच आणि चेस्टनटची वने लागतात, हवा बदलते, घरांच्या छपरांचा दगडही बदलतो. एस्पालियाँ आणि एस्तँ येथील जुने पूल ओलांडून वाट अखेर काँकला येते.

काँक : वास्तूचे जतन

काँकचे महत्त्व सँत फ्वा या बालहुतात्मा संताच्या अवशेषांमुळे वाढले. हे अवशेष नवव्या शतकात काँकच्या एका साधूने आजाँ शहरातून चोरून आणले, अशी परंपरा आहे आणि मठाने ती कधी लपविली नाही. लाकडी गाभ्यावर सुवर्णपत्रा चढविलेली संताची आसनस्थ मूर्ती आजही येथे आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी आँजे येथील अध्यापक बर्नार याने ती पाहिली, तेव्हा ही तर मूर्तिपूजाच, असे त्याला प्रथम वाटले. पुढे त्याचे मतपरिवर्तन झाले आणि संताच्या चमत्कारांचा ग्रंथ त्यानेच लिहिला. चर्चच्या पश्चिमद्वारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपटात बाराव्या शतकातील कारागिरांनी अंतिम न्यायाचा प्रसंग शंभराहून अधिक आकृत्यांत कोरला आहे.

एकोणिसाव्या शतकात ही वास्तू जीर्णावस्थेत होती. ऐतिहासिक वास्तूंच्या महानिरीक्षकाचे पद फ्रान्समध्ये १८३० मध्ये निर्माण झाले. १८३४ पासून त्यावर असलेले साहित्यिक प्रॉस्पेर मेरिमे १८३७ मध्ये काँकला आले आणि त्यांच्या शिफारशीने जतनाचे काम मार्गी लागले. पुढील काळात १८८७ आणि १९१३ च्या कायद्यांनी संरक्षित वास्तूंची व्यवस्था पक्की केली. १९३० च्या कायद्याने निसर्गरम्य स्थळांना, तर १९४३ च्या कायद्याने संरक्षित वास्तूभोवतीच्या ५०० मीटर परिसराला संरक्षण दिले. जतनाचा अर्थ केवळ गतकाळ गोठविणे असा झाला नाही, हेही काँकमध्येच दिसते. जवळच्या रोदेझ येथे जन्मलेले चित्रकार पिएर सूलाझ यांनी १९८७ ते १९९४ या काळात या चर्चसाठी १०४ नव्या खिडक्या घडविल्या. त्यांत रंगीत चित्रे नाहीत; केवळ पांढरट, अर्धपारदर्शक काच आणि काळ्या रेषा आहेत.

वाटेची कायदेशीर दुर्बलता

वास्तूच्या बाबतीत अशी तरतूद होत असताना वाटेचे काय होत होते? फ्रेंच कायद्यात 'ग्रामीण मार्ग' हा एक स्वतंत्र वर्ग आहे. आपल्याकडील पाणंदीवरून त्याची कल्पना यावी. हा मार्ग सार्वजनिक वापराचा असला तरी ती गावाच्या स्थानिक संस्थेची, म्हणजे कोम्यूनची, खासगी स्वरूपाची मालमत्ता मानली जाते. याचे दोन परिणाम होतात. लोकांनी वापर थांबविला असेल, तर सार्वजनिक चौकशी करून कोम्यून तो विकू शकते. दुसरे असे की, लगतच्या जमीनमालकाने दीर्घकाळ, साधारणतः तीस वर्षे, निर्वेध ताबा ठेवला तर तो त्यावर मालकी सांगू शकतो. राष्ट्राच्या मालकीच्या महामार्गाबाबत असे घडू शकत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शेतजमिनींच्या एकत्रीकरणाने वेग घेतला, ट्रॅक्टर आले, खेडी ओस पडू लागली आणि अशा असंख्य वाटा नांगराखाली गेल्या किंवा झुडपांत हरवल्या. त्यासाठी कोणाचा दुष्ट हेतू असावा लागला नाही. न चालणे एवढेच कारण पुरेसे होते.

या प्रक्रियेला पहिला संघटित प्रतिकार पदभ्रमण करणाऱ्यांनी केला. १९४७ मध्ये दीर्घ पल्ल्याच्या पायवाटांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी लोआर नदीकाठी ओर्लेआँजवळ पहिल्या टप्प्याची आखणी झाली. झाडांवर आणि दगडांवर रंगविलेल्या पांढऱ्या व लाल अशा दोन आडव्या पट्ट्या ही या वाटांची खूण. त्याच रंगांची फुली दिसली की वाट चुकली असे समजावे. हे रंगकाम व देखभाल आजही मुख्यतः स्वयंसेवक करतात. १९७८ मध्ये समितीचे रूपांतर फ्रेंच पदभ्रमण महासंघात झाले. कायद्याची जोड मात्र त्यानंतर मिळाली. २२ जुलै १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पदभ्रमणमार्गांचा आराखडा करावा असे ठरले. आराखड्यात नोंदलेला ग्रामीण मार्ग विकायचा झाल्यास वाटेचे सातत्य राखणे किंवा योग्य पर्यायी वाट देणे बंधनकारक झाले. अन्यथा विक्रीच रद्दबातल ठरते. २०२२ च्या एका कायद्याने कोम्यूनला आपल्या ग्रामीण मार्गांची गणना करण्याची आणि त्या अवधीत ताब्याच्या आधारे मालकीहक्काची मुदत थांबविण्याची मुभा दिली. मात्र नोंद न झालेल्या वाटा आजही तितक्याच असुरक्षित आहेत.

सत्यतेचा प्रश्न

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. आज यात्रेकरू ज्या वाटेने चालतात, ती मध्ययुगीन वाट आहे काय? बाराव्या शतकातील लॅटिन यात्रामार्गदर्शिकेत फ्रान्समधील चार मार्गांचा उल्लेख आहे. त्यांपैकी या मार्गाबाबत ल प्वी, काँक आणि म्वासाक ही तीनच नावे येतात. त्यांच्यामधली वाट कशी जाते याविषयी ती मौन पाळते. जे. आर. ६५ ची आखणी १९७० च्या दशकात सुरू झाली. आखणाऱ्यांनी जुने पूल, आश्रयगृहे आणि प्रार्थनामंदिरे यांचा आधार घेतला हे खरे, परंतु डांबरी रस्ता टाळणे आणि चालणे सुखद व्हावे हेही निकष होतेच.

युरोप परिषदेने १९८७ मध्ये सान्तियागोच्या मार्गांना पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९८ मध्ये युनेस्कोने फ्रान्समधील यात्रामार्ग जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा सलग मार्ग न घेता ७१ वास्तू आणि ल प्वीच्या मार्गाचे केवळ सात तुकडे नोंदविले. ल प्वी ते काँक या भागात त्यांपैकी दोन येतात : नास्बिनालपासून ओब्राक पठार ओलांडून सँ-शेलीपर्यंतचा आणि लोतच्या खोऱ्यातील सँ-कोम ते एस्तँ. इतिहासकारांच्या एका वर्गाला ही नोंदही अतिरेकी वाटते. आधुनिक पायवाटेला मध्ययुगाचे प्रमाणपत्र मिळाले, असा त्यांचा आक्षेप आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते आक्षेपातील तथ्य मान्य करूनही त्यातून निघणारा निष्कर्ष स्वीकारता येत नाही. काँकचे दर्शनी मनोरे एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेले आहेत आणि खिडक्या विसाव्या शतकातील आहेत. तरीही त्या वास्तूच्या ऐतिहासिकतेविषयी कोणी शंका घेत नाही. दगड बदलले तरी वास्तू तीच, हा न्याय वाटेला मात्र नाकारला जातो. शिवाय ओब्राकवरील बांधांमधली वाट यात्रेकरूंची असल्याचे सिद्ध करता आले नाही, तरी ती गुराख्यांची होती हे निर्विवाद आहे आणि तोही इतिहासच होय. यात्रेच्या नावाखाली तिचे जतन झाले, हा एका अर्थी योगायोग म्हणावा लागेल. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा दुर्ग एकत्रित नामांकनातून याच यादीत गेले. तेथेही नोंद दुर्गांची झाली आहे. घाटवाटांचा विचार करू इच्छिणाऱ्यांना फ्रान्सच्या १९८३ च्या कायद्याचा मजकूर उपयोगी पडू शकेल.

काँकमध्ये आज चालत येणारे आणि मोटारीने येणारे असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. मोटारीने येणाऱ्याला शिल्पपट दिसतो. नऊ दिवस चालून आलेल्याला तो उतारावरून गावात शिरल्यावर, घरांच्या आडून अचानक सामोरा येतो. न्यायाच्या त्या दृश्यासमोरच्या प्रांगणात तो पाठीवरची पिशवी खाली ठेवतो आणि बराच वेळ बसून राहतो.