सूचनापत्र लिहिण्याची कला

काम करणें आणि काम सांगणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. उत्तम काम करणारीं माणसें पुष्कळ भेटतात. परंतु आपल्याला काय हवें आहे हें दुसऱ्यास नेमकें सांगूं शकणारीं माणसें थोडीं. ज्याला काम सांगावयाचें तो समोर बसलेला असला, तर सांगण्यांतील उणीव प्रश्नोत्तरांनीं भरून निघते. पण तो शेंकडों मैल दूर असला, आणि त्याच्या हातीं केवळ एक कागद पडणार असला, म्हणजे सारें यश त्या कागदावर अवलंबून राहतें. अशाच एका कागदाचा विचार येथें करावयाचा आहे.

जाहिरातीचें स्वरूप गेल्या वीस वर्षांत बरेंच पालटलें आहे. पूर्वीं कारखानदार जाहिरात-संस्थेकडे जाई; तेथील लेखक मजकूर रची, आणि एखादा नट किंवा नटी तो मजकूर बोलून दाखवी. ही पद्धति आजहि आहे. परंतु तिच्या शेजारीं दुसरी एक पद्धति उभी राहिली आहे. २००५ सालीं यूट्यूब आणि २०१० सालीं इन्स्टाग्राम निघालें, आणि खिशांतील फोनवर चित्रफीत घेऊन ती जगापुढें मांडणें कोणालाहि शक्य झालें. कारखानदारांच्या लक्षांत आलें कीं, नटीनें पाठ केलेल्या वाक्यापेक्षां एखाद्या गृहिणीनें आपल्या ओट्यापाशीं उभें राहून सांगितलेला अनुभव लोकांना अधिक खरा वाटतो. म्हणून आतां वस्तु वापरणाऱ्या सामान्य माणसांकडूनच, मोबदला देऊन, लहान लहान चित्रफिती करून घेतल्या जातात. घरोघरीं ज्यांना ‘रील’ म्हणतात, त्यांपैकीं कित्येक अशाच असतात. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त गृहस्थ असे सर्व प्रकारचे लोक हें काम करतात. आणि तें करून घेणारा प्रत्येक वेळीं मोठा कारखानदारच असतो असें नाहीं. पापड, मसाले, पिठें विकणारा एखादा गृहोद्योगहि असतो.

हें काम ज्या कागदानें सांगितलें जातें त्याला त्या धंद्यांत ‘ब्रीफ’ म्हणतात. मराठींत त्याला सूचनापत्र म्हणतां येईल. सूचनापत्र वाईट असलें तर नुसते पैसे वायां जातात असें नाहीं. अशा चित्रफितींतील चेहरा खरा असतो, स्वयंपाकघर खरें असतें, आवाज खरा असतो. म्हणूनच पाहणारा विश्वास ठेवतो. सूचनापत्रानें त्या खऱ्या मुखांत खोटें वाक्य घातलें, तर पाहणारा फसतो, बोलणाराची पत जाते, आणि अखेरीस विकणाराचेंहि नांव बुडतें. यावरून सूचनापत्राचें मूळ सूत्र निघतें : काय खरें असलें पाहिजे तें लिहिणारानें सांगावें, आणि तें कसें बोलावें हें बोलणारावर सोंपवावें. पुढील सारे नियम ह्या सूत्राचाच विस्तार आहेत.

अनोळखी माणसांना कागदावरून काम सांगण्याचा प्रश्न मात्र नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील फिलॉलॉजिकल सोसायटीनें इंग्रजी भाषेच्या एका प्रचंड कोशाचें काम हातीं घेतलें. ग्रंथ वाचून त्यांतील शब्दांचे प्रयोग चिठ्ठ्यांवर उतरून पाठविण्याचें काम स्वयंसेवक वाचकांकडे होतें. हाच पुढें ऑक्सफर्डचा कोश म्हणून प्रसिद्धीस आला. १८७९ सालीं जेम्स मरे हे संपादक झाले आणि त्यांनीं साठलेल्या चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हां एक विलक्षण गोष्ट आढळली. ‘अब्यूजन’ ह्या जुनाट व दुर्मिळ शब्दाचे सुमारें ५० दाखले आले होते. आणि ‘अब्यूज’ ह्या नेहमींच्या शब्दाचे पांचहि नव्हते. वाचक आळशी होते असें नव्हे. चमत्कारिक शब्द डोळ्यांत भरतो, नित्याचा शब्द नजरेखालून निसटतो. आणि कागदावर स्पष्ट सूचना नसली, म्हणजे माणसें आपापल्या स्वभावाप्रमाणेंच वागतात. मरे यांनीं त्याच वर्षीं नवें विनंतिपत्रक काढलें. दुर्मिळ शब्दांबरोबर नेहमींच्या शब्दांचेहि, विशेषतः ज्यांवरून अर्थ उलगडतो असे प्रयोग टिपावे, असें त्यांत सांगितलें होतें. कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला, आणि शेवटचा १९२८ सालीं.

चित्रफितींच्या बाबतींतहि हेंच घडतें. ‘आमच्या वस्तूवर कांहीं तरी आकर्षक करा’ एवढेंच सांगितलें, तर कोणी नाचून दाखवील, कोणी विनोद करील. आणि ती वस्तु रोजच्या व्यवहारांत कशी उपयोगी पडते, हें ज्यासाठीं सारा खटाटोप तें साधें दृश्य तेवढें राहून जाईल.

एक उदाहरण घ्यावें. समजा, एका गृहोद्योगाला नाचणीच्या पिठाची चित्रफीत करून घ्यावयाची आहे. घाईंत लिहिलेलें सूचनापत्र बहुधा असें असतें : ‘आमचें पीठ उत्कृष्ट, पौष्टिक आणि बाजारांत सर्वांत शुद्ध आहे असें उत्साहानें सांगावें. चित्रफीत आकर्षक असावी. ती सर्वत्र पसरली पाहिजे.’ ह्यांतलें एकहि वाक्य चित्रफीत करणारीच्या उपयोगाचें नाहीं. ‘उत्कृष्ट’ म्हणजे काय तें दाखवितां येत नाहीं. पीठ ‘सर्वांत शुद्ध’ आहे हें तिला ठाऊक असण्याचा संभव नाहीं. आणि चित्रफीत पसरणें तिच्या हातीं नाहीं.

त्याऐवजीं प्रथम, कोणाशीं बोलावयाचें तें लिहावें. ‘सर्व ग्राहक’ हें त्याचें उत्तर नव्हे. ‘नाचणी खावीशी वाटते, पण भाकरी थापतांना मोडते म्हणून जी हें पीठ घरीं आणीत नाहीं, अशी शहरांतील स्त्री’ हें उत्तर होय. असें लिहितांच चित्रफीत करणारीच्या डोळ्यांपुढें एखादी मावशी किंवा शेजारीण उभी राहते, आणि ती तिच्याशींच बोलूं लागते.

दुसरें, सांगावयाची गोष्ट एकच असावी. पीठ कढत पाण्यांत कालवून, थोडा वेळ झाकून ठेवून मग चांगलें मळलें, तर भाकरी सहसा मोडत नाहीं, एवढी एकच. दळण कसें होतें, पिशवी केवढी, किंमत किती, हें सारें अर्ध्या मिनिटांत कोंबलें, तर पाहणाराच्या ध्यानांत त्यांतलें कांहींच राहत नाहीं. उरलेल्या गोष्टींसाठीं दुसरी चित्रफीत करावी.

तिसरें, विशेषणांच्या जागीं दृश्यें मागावीं. परातींत ओतलेलें वाफाळतें पाणी, पीठ मळणारा हात, तव्यावर फुगणारी भाकरी, आणि एकदां स्पष्ट दिसणारें पिशवीवरचें नांव, इतकें पुरे. पहिली भाकरी मोडली तर तीहि दाखवावी, असें आवर्जून लिहावें. मोडलेली भाकरी पाहून गिऱ्हाईक पळेल ही भीति व्यर्थ आहे. पाहणारीची स्वतःची भाकरी मोडलेली असते. म्हणूनच पुढें साधलेल्या भाकरीवर तिचा विश्वास बसतो.

चौथें, बंधनें उघड सांगावीं, आणि प्रत्येक बंधनापुढें त्याचें कारण लिहावें. ‘ह्या पिठानें मधुमेह बरा होतो असें म्हणूं नये’ एवढेंच लिहून भागत नाहीं. कारण उत्साहाच्या भरांत तें वाक्य सहज तोंडून जातें. खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दावे यांविषयींच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें, अन्नानें रोग बरा होतो असा दावा मनास येईल तसा करतां येत नाहीं, हेंहि तेथेंच लिहावें. कारण कळलें कीं माणूस बंधन पाळतो. न कळलें तर पळवाट शोधतो. मात्र नकारांची यादी पांचसहांच्या पुढें जाऊं देऊं नये. पानभर ‘नको’ वाचल्यावर कोणाचेंहि मन आखडतें, आणि आखडलेलें मन चित्रफितींत दिसतें.

पांचवें, मापें व तारखा. चित्रफीत किती सेकंदांची, उभी कीं आडवी, हें लिहावें. हातांतल्या फोनसाठीं सामान्यतः ९ भाग रुंद आणि १६ भाग उंच अशी उभी चौकट लागते. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेले शब्द खालीं लिहून दाखवावयाचे कीं कसें, तें सांगावें. काम कोणत्या दिवशीं हवें, दुरुस्ती किती वेळां मागतां येईल, मोबदला किती व केव्हां मिळेल, हें संकोच न करतां नमूद करावें. आज जें लिहावयाचा संकोच वाटतो, त्यावरूनच उद्यां भांडण होतें.

एवढें झालें कीं लेखकानें हात आवरावा. येथेंच बहुतेकांचा तोल जातो. बोलावयाचें प्रत्येक वाक्य लिहून देण्याचा मोह आवरत नाहीं. परंतु शाळेंत निबंधाला मुद्दे दिले, तर चाळीस मुलें चाळीस निराळे निबंध लिहितात. फळ्यावर उतारा लिहून दिला, तर एकच उतारा चाळीस वह्यांत जातो. नागपूरची बाई नागपुरी वळणानें बोलेल, मालवणची मालवणी वळणानें. एकीची भाकरी परातींत थापली जाईल, दुसरीची पोळपाटावर. हें निराळेपणच विकत घेतलेलें आहे. तें पुसून टाकावयाचें असेल, तर नटी काय वाईट होती?

ह्या बाबतींत अमेरिकेंतील दोन प्रयोग पाहण्यासारखे आहेत. २००६ सालीं फ्रिटो-ले कंपनीनें ‘डोरिटोज’ ह्या मक्याच्या चिप्ससाठीं लोकांकडून तीस सेकंदांच्या जाहिराती मागविल्या. निवडलेली एक जाहिरात ४ फेब्रुवारी २००७ रोजीं, तेथील फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या प्रक्षेपणांत दाखविली गेली. ती तयार करण्यास कांहीं तरुण मित्रांना सुमारें १३ डॉलर खर्च आला होता. त्याच २००६ सालीं शेव्हरले कंपनीनें ‘टाहो’ ह्या मोटारीसाठीं लोकांना आवाहन केलें. पण येथें चित्रें आणि संगीत कंपनीचें होतें. लोकांनीं त्यांवर फक्त शब्द घालावयाचे होते. कित्येकांनीं त्या सुंदर चित्रांवर पेट्रोलची उधळपट्टी आणि पृथ्वीचें वाढतें तापमान यांविषयीं बोचरीं वाक्यें घातलीं, आणि तींच गाजलीं. पहिल्या प्रयोगांत चौकट ठरलेली होती व आंतील निर्मिति मोकळी होती. दुसऱ्यांत निर्मितीच बांधलेली होती. आणि बोलणाराला त्या मोटारीचा कांहीं अनुभव आहे कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवला नाहीं. सूचनापत्र कोणाच्या हातीं द्यावें, हा विचार तें कसें लिहावें ह्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे, हें यावरून दिसतें.

सूचनापत्राचा शेवटचा भाग सचोटीचा. पैसे किंवा वस्तु घेऊन केलेली स्तुति ही जाहिरात आहे, हें पाहणारास कळलें पाहिजे. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ह्या संस्थेनें २०२१ सालीं यासंबंधीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. जाहिरात असल्याची खूण १५ सेकंदांपर्यंतच्या चित्रफितींत निदान ३ सेकंद, आणि त्याहून लांब पण दोन मिनिटांच्या आंतल्या चित्रफितींत एक तृतीयांश वेळ दिसावी, असें त्यांत सांगितलें होतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जून २०२२ मध्यें निघालेल्या नियमांनीं तर शिफारस ही बोलणाराच्या खऱ्या मताची आणि पुरेशा माहितीची वा अनुभवाची असावी, असें बंधनच घातलें आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ह्या कायद्यानें १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेंच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि तो माल करणारासच नव्हे, तर शिफारस करणारासहि होऊं शकतो. ‘कागदावर लिहून दिलें तें मीं बोलले’ ह्या सबबीचा भरवसा धरतां येत नाहीं.

म्हणून सूचनापत्रांत दोन वाक्यें अवश्य असावींत. एक, वस्तु निदान आठ दिवस वापरून मगच चित्रफीत करावी. दुसरें, वस्तु न आवडल्यास तसें मोकळेपणानें कळवावें. स्तुति करूं नये, आणि झालेल्या श्रमाचा मोबदला कापला जाणार नाहीं. हें दुसरें वाक्य अनेकांना महाग वाटतें. परंतु न आवडलेल्या वस्तूची विकत घेतलेली स्तुति त्याहून महाग पडते. आणि नापसंतीचें खरें कारण हातीं आलें, तर माल सुधारतां येतो.

हक्कांचाहि उल्लेख येथेंच करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, दुसरा करार नसेल तर मोबदला देऊन सांगून करविलेल्या चित्रपटकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती करविणारा ठरतो. उलट, एखादीनें स्वतःहून केलेली चित्रफीत विकणारास हवी असेल, तर हक्काचें हस्तांतर लेखी व्हावें लागतें. त्यांत मुदत लिहिलेली नसली तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसला तर तो भारतापुरता धरला जातो. आपला चेहरा किती दिवस, कोठें कोठें दिसणार आहे, हें काम करणारीला आधींच कळणें हा तिचा न्याय्य हक्क आहे.

हें सारें एका पानांत मावलें पाहिजे. मावत नसेल, तर सांगावयाची गोष्ट एक नसून अनेक आहेत असें समजावें. काम आल्यावर तें त्याच पानाशीं ताडून पाहावें. पानावर जें मागितलें नव्हतें, त्याच्या अभावाबद्दल दोष देऊं नये. आणि कागद पाठविण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा घ्यावी. ज्याला त्या धंद्याची कांहींच माहिती नाहीं अशा घरांतल्या कोणा माणसाला तो वाचावयास द्यावा, मग कागद मिटून त्याला तीन प्रश्न विचारावे : कोणाशीं बोलावयाचें, काय दाखवावयाचें, आणि काय बोलावयाचें नाहीं? तिन्हीं उत्तरें बरोबर आलीं, तर सूचनापत्र पाठविण्यास हरकत नाहीं. अडखळत आलीं, तर कोठें अडखळलें तें पाहून तेवढें वाक्य पुन्हा लिहावें.