दमलेला बैल आणि दमलेले हृदय

"अमक्याचं हार्ट फेल झालं," असे कुणी पारावर सांगितले की आपण समजतो, माणूस गेला. म्हणून डॉक्टरांनी "तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे" असे म्हटले की घरच्यांच्या पायांखालची जमीन सरकते. म्हातारा तर समोर बसून चहा पितो आहे. मग हृदय फेल म्हणजे काय?

डॉक्टरांच्या बोलण्यात या शब्दांचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदय चालू आहे, पण दमले आहे. अंगाला लागते तेवढे रक्त त्याच्याकडून पुढे ढकलले जात नाही. काही जणांचे हृदय सैल पडते, काहींचे ताठर होते आणि नीट भरतच नाही. आपण इथे मुख्यतः सैल पडलेल्या हृदयाबद्दल बोलू.

आपली मूठ आवळा. हृदय साधारण एवढेच असते. ते छातीत मधोमध, जरासे डावीकडे असते. मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, म्हणजे दिवसाला लाखभर. एका मिनिटात ते पाच लिटर रक्त पुढे लोटते. दिवसाचा हिशेब सात हजार लिटर होतो. पंधरा लिटरची बादली धरली तर साडेचारशेहून जास्त बादल्या! आपण झोपलो तरी त्याला झोप नाही.

हे काम करते ते हृदयाचे मांस, म्हणजे स्नायू. तो आवळतो कसा? दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरा. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांच्या फटीत सरकवा. बोटांची लांबी तीच राहिली, पण दोन्ही हात जवळ आले. स्नायूच्या आत अशाच बारीक बारीक काड्या असतात. त्या एकमेकींत सरकतात आणि स्नायू आवळतो. ही गोष्ट १९५४ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिली.

पण सरका, असा हुकूम काड्यांना कोण देतो? त्याची गंमत ऐका. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर होते. ते बेडकाचे हृदय काढून खारट पाण्यात ठेवत आणि ते किती वेळ धडधडते ते पाहत. हृदय छान चालत होते. पुढे रिंगरना कळले, की त्यांच्या मदतनीसाने ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ धरून शुद्ध केलेले पाणी न घेता सरळ नळाचेच पाणी घेतले होते. रिंगरनी शुद्ध पाणी घेऊन पुन्हा करून पाहिले. हृदय थोड्याच वेळात मंदावले! नळाच्या पाण्यात असे काय होते? होता चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम. तोच तो हुकूम. दर ठोक्याला कॅल्शियम स्नायूच्या आत मोकळे होते, काड्या सरकतात. ते मागे घेतले की काड्या सुटतात. मदतनीस चुकला हे बरेच झाले म्हणायचे. आपल्या दवाखान्यात सलाईनच्या काही बाटल्यांवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले असते, ते याच रिंगरांचे नाव.

आता हे हृदय दमते कशाने? हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा एखादा तुकडा मरतो. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षे वाढलेले असले तर हृदयाला रोजच चढ चढावा लागतो. लहानपणी घसा धरून पुढे ताप येतो, सांधे सुजतात. त्या दुखण्यात कधी हृदयाच्या झडपा खराब होतात. फार दारूनेही स्नायू सैल पडतो. काही बायांना बाळंतपणाच्या सुमारास हे होते. कधी कारण सापडतही नाही.

खुणा अशा. चार पावले चढ चढला की धाप लागते. रात्री सपाट निजवत नाही, दोन-तीन उश्या लागतात. मध्यरात्री दम कोंडून माणूस उठून बसतो. पावले सुजतात, बोटाने दाबले तर खळगा पडतो. बरेच जण याला दमा समजतात आणि दम्याचेच औषध घेत बसतात. यात महिने वाया जातात.

आता एक नवल सांगतो. हृदय दमले की शरीर त्याच्या मदतीला धावते, आणि ती मदतच अंगाशी येते. रक्त कमी पडते आहे एवढेच शरीराला कळते. त्याला वाटते, जखम झाली, रक्त वाहून गेले. मग किडन्या मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तवाहिन्या आवळतात. आणि हृदय जोरात पळावे म्हणून शरीर त्याला आतून सारखे डिवचत राहते. जखम झाली असती तर हे दोन दिवस कामाला आले असते. इथे जखम नाहीच. दमलेल्या हृदयावर पाण्याचा बोजा वाढतो, पुढची वाट अरुंद होते, आणि वरून मार बसतो.

उसाने भरलेली गाडी चढाला लागली आहे, बैल फेसाला आला आहे, अशा वेळी गाडीवान काय करील? आसूड ओढला तर बैल चार पावले जास्त जाईल. पण वर पोचेल का? शहाणा गाडीवान उतरून चार मोळ्या खाली टाकील. डॉक्टरांनीही आधी आसूड वापरून पाहिला. दुसरी वाट सापडायला बराच काळ जावा लागला.

पहिले नावाजलेले औषध इंग्लंडातले. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरांकडे एक घरगुती काढा आला. श्रॉपशायर भागातली एक म्हातारी अंगावरच्या सुजेवर तो देत असे, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही कधी कधी त्याने बरे होत. काढ्यात वीसेक पाने-मुळ्या होत्या. विदरिंगना झाडपाल्याची चांगली पारख होती. त्यांनी ओळखले, गुण आहे तो फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडाचा. दहा वर्षे त्यांनी ते वापरले आणि १७८५ साली पुस्तक लिहिले. त्यात बरे झालेले लिहिले, तसे बरे न झालेलेही लिहिले. असा प्रामाणिकपणा वैद्यकात सोन्याच्या मोलाचा. याच जातीच्या झाडापासून पुढे डिगॉक्सिनची गोळी झाली. ती स्नायूत कॅल्शियम वाढवते, म्हणजे हुकूम जोरात देते. १९९७ साली सुमारे ६,८०० रोग्यांवरची मोठी तपासणी छापून आली. गोळीने इस्पितळाच्या खेपा कमी झाल्या, पण आयुष्य वाढले नाही.

(आपल्याकडच्या कण्हेरीत आणि पिवळ्या बिट्टीत याच तऱ्हेचे विष असते. ते किती आहे हे पानाकडे पाहून कळत नाही. त्याचा काढा कुणी दिला तर घेऊ नका. त्याने माणसे मेली आहेत.)

यापेक्षा जोरकस आसूडही निघाले. मिलरिनोन नावाची गोळी १,०८८ रोग्यांवर तपासली, त्याचा निकाल १९९१ साली छापला. औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत शंभरातले २४ गेले. खरी गोळी घेणाऱ्यांत ३० गेले. तपासणी मध्येच थांबवावी लागली.

ओझे उतरवण्याची वाट मात्र फळाला आली, आणि तिची सुरुवात झाली एका सापापासून. ब्राझील देशात जाराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणशीच्या भाऊबंदांतला. त्याच्या विषाने माणसाचे ब्लडप्रेशर धाडकन उतरते. १९६५ साली सर्जिओ फेरेरा या तिथल्या शास्त्रज्ञाने त्या विषातला एक अंश हुडकला. त्यावरून अमेरिकेत आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध तयार झाले. मग त्याच घराण्यातली एनालाप्रिल ही गोळी नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांत अगदी खंगलेल्या २५३ रोग्यांवर तपासली. जुनी औषधे सगळ्यांचीच चालू होती. १९८७ साली निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्यांतले शंभरातले ४४ सहा महिन्यांत गेले, एनालाप्रिल घेणाऱ्यांतले २६.

याहून धाडसाची गोष्ट स्वीडनमधल्या गोथेनबर्ग गावची. तिथल्या डॉक्टरांनी १९७५ साली लिहिले, की आम्ही सात रोग्यांच्या हृदयाची गती औषधाने मुद्दाम कमी केली आणि त्यांना बरे वाटले. दमलेल्या हृदयाला आणखी हळू चालवायचे? पुष्कळांना हा वेडेपणा वाटला. पुस्तकात तर हे औषध अशा रोग्याला देऊ नये असेच शिकवीत. चोवीस वर्षांनी, १९९९ साली, २,६४७ रोग्यांच्या तपासणीत दिसले, की गती कमी करणाऱ्या गोळीने शंभरातल्या १७ मृत्यूंचे १२ झाले. आतला आसूड थांबला होता. मात्र ही गोळी अगदी थोडी सुरू करून हळूहळू वाढवावी लागते. पहिले काही आठवडे कधी जास्तच गळल्यासारखे वाटते. नेमके तेव्हाच लोक ती टाकून देतात.

२०१९ साली यात एक भर पडली. मधुमेहासाठी काढलेली एक गोळी दमलेल्या हृदयालाही उपयोगी पडते असे दिसले, मधुमेह नसला तरीसुद्धा.

घरी करायचे थोडेच आहे, पण ते रोजचे आहे. मीठ पाणी धरून ठेवते, म्हणून मीठ कमी. भाजीतले मीठ दिसते. लोणचे, पापड, सुकी मासळी आणि फरसाणातले दिसत नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे. साधा वजनकाटा घरी ठेवलेला बरा. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अन्नाचे नव्हे, पाण्याचे. सूज दिसायची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गुडघेदुखीवर दुकानातून आणतो त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी पुष्कळ गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणि एक प्रश्न दर दवाखान्यात विचारला जातो. "डॉक्टरसाहेब, ह्यांची सूज उतरली, आता मळ्यापर्यंत चालत जातात. मग गोळ्या बंद करायच्या ना?"

लंडनमधल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न घेतला. ज्यांची सैल पडलेली हृदये औषधांनी पूर्ववत झाली होती, ज्यांना कसलाही त्रास नव्हता, अशी ५१ माणसे निवडली. त्यांतल्या २५ जणांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या, बाकीच्यांच्या चालू ठेवल्या. २०१९ साली निकाल छापला. सहा महिन्यांत त्या २५ पैकी ११ जणांचे हृदय पुन्हा सैल पडू लागले. गोळ्या चालू असणाऱ्यांत एकाचेही नाही. त्या अकरा जणांना वेळेवर पुन्हा गोळ्या मिळाल्या, कारण डॉक्टर यंत्राने त्यांचे हृदय वरचेवर तपासत होते. घरच्या घरी गोळ्या बंद करणाऱ्याचे हृदय असे कुणी पाहत नसते. त्याला कळते ते सूज आल्यावर.