कुंभकोणमचे डास, नागपूरच्या गोळ्या 🦟

कुंभकोणम म्हटलं की आपल्याला देवळं आणि डिग्री कॉफी आठवते. पण एकेकाळी हे गाव हत्तीपायासाठीही ओळखलं जायचं. हरितक्रांतीचे एम. एस. स्वामिनाथन १९२५ मध्ये इथेच जन्मले. त्यांचे वडील डॉ. सांबशिवन सर्जन होते, आणि त्यांनी लोकांना सोबत घेऊन डासांविरुद्ध मोहीम उघडली होती.

डासच का? घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावताना हत्तीपाय घडवणाऱ्या फायलेरियाच्या अळ्या माणसात सोडतो. मोठे झालेले जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. त्यांची पिल्लं मात्र रक्तात येतात, तीही बहुतेक रात्री, म्हणून तपासणीसाठी रक्तही रात्रीच घेतात!

आता नवी गोष्ट. पूर्वी या आजारावर डीईसी आणि अल्बेंडाझोल ही औषधं दिली जायची. त्यात आयव्हरमेक्टिनची भर घातल्यावर पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत एकाच डोसनंतर बहुतेकांचं रक्त दीर्घकाळ पिल्लांपासून मोकळं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या त्रिकुटाची शिफारस केली. भारतात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपलं नागपूरही होतं, २०१९ मध्ये.

गंमत म्हणजे आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानच्या मातीतल्या एका जिवाणूत आहे. त्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं.

सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. म्हणून लक्षणं नसतानाच गोळ्या घ्यायच्या. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. बाकीच्यांनी आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या की त्यांच्यासमोरच गिळा, उशाशी ठेवू नका! 🙂