विसणाचे गणित आणि वाफेचे गणित

श्रोतेहो, फाल्गुनाच्या सुमारास आमच्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत तालुक्यात आपण आलात, तर शिवारातून शिजत्या हळदीचा वास येईल. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी घालून हळद उकडीत असत; आता पुष्कळ ठिकाणी बॉयलरची वाफ लोखंडी ड्रमांत सोडून ती शिजवितात. माझा एक जुना विद्यार्थी असा बॉयलर भाड्याने फिरवितो. काही वर्षांपूर्वी त्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचे उत्तर साफ चुकीचे दिले. त्या चुकीचीच हकीकत आज सांगणार आहे.

त्याचे म्हणणे असे : "गुरुजी, लाकडाचा जाळ मनात येईल तेव्हा कमी करता येत नाही. म्हणून जादा वाफ एका तोटीतून सारखी सोडून द्यावी लागते. ती पाण्याच्या टाकीत सोडली तर बॉयलरला ऊन पाणी मिळेल का?" मी हिशेब धरला. दर दोन मिनिटांस टाकीत २५ अंशांचे १० किलो पाणी येते आणि १०० अंशांची १ किलो वाफ वाया जाते. आपण आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालतो, त्याच रीतीने मी सरासरी काढली : १० गुणिले २५ आणि १ गुणिले १००, मिळून ३५०, त्यास ११ ने भागले, सुमारे ३२ अंश. "अरे, सात अंशांसाठी नळाचा खर्च कशाला करतोस?" असे मी म्हणालो. गुरुजींचा शब्द म्हणून त्याने तो विचार सोडला आणि तो सबंध हंगाम थंड पाण्यावरच काढला.

पुढल्या वर्षी त्याच्या ड्रमाजवळ उभा असता माझ्या मनगटावर वाफेचा झोत आला. क्षणभरच, पण उकळत्या चहाने जितके भाजत नाही तितके भाजले. फोड बसेपर्यंतच्या आठवड्यात माझी चूक माझ्या ध्यानी आली. शाळेत मी ती गोष्ट वर्षानुवर्षे शिकविली होती, हे विशेष!

एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेस आपण एक उष्मांक म्हणू. शून्य अंशापासून मोजले तर १०० अंशांच्या एक किलो पाण्यात १०० उष्मांक असतात. पण त्याच पाण्याची त्याच १०० अंशांवर वाफ करावयाची तर आणखी ५३९ उष्मांक द्यावे लागतात, आणि तेवढ्याने उष्णतामापक तसूभरही वर चढत नाही. या गुप्त उष्णतेचा शोध ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या सुमारास लावला. वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा ते ५३९ उष्मांक ती परत टाकते. हळदीच्या गड्ड्यावर काय किंवा मास्तरच्या मनगटावर काय!

आता टाकीकडे वळू. येथे पाणी अखंड येते, वाफ अखंड येते आणि मिश्रण अखंड बाहेर जाते. येलदरीहून सोडलेले पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात जितके येते तितकेच कालव्याने बाहेर गेले, तर पातळी हलत नाही. प्रत्येक थेंब मात्र वाहताच असतो. यास स्थिर प्रवाह म्हणतात. अशा ठिकाणी आत काय खळबळ चालली आहे हे पाहण्याची गरज नाही. दारावर दोन वह्या ठेवल्या की पुरे. पहिली वजनाची : १० किलो पाणी आले, १ किलो वाफ आली, म्हणून ११ किलो बाहेर गेलेच पाहिजे. दुसरी उष्णतेची : पाण्याबरोबर २५० उष्मांक आले, वाफेबरोबर ६३९, एकूण ८८९. तेवढेच बाहेर जावयाचे. ८८९ भागिले ११, म्हणजे सुमारे ८१ अंश. माझे ३२ आणि खरे ८१!

चिकित्सक श्रोते विचारतील की, वाफ वेगाने येते, उंचावरून येते, त्याचा जमाखर्च कोठे? एक किलो वजन ४२७ मीटर उंच उचलावे तेव्हा कोठे एका उष्मांकाएवढे काम होते. तेव्हा हात-दोन हातांची उंची सोडून देण्यास हरकत नाही. सेकंदास ३० मीटर वेगाचीही किंमत दशांश उष्मांक भरते. मात्र मागची वाफ पुढच्या वाफेला ढकलीत आत आणते, त्या ढकलण्याचे मोल लहान नाही. वाफेच्या ६३९ उष्मांकांपैकी सुमारे ४० त्याचेच असतात, आणि ते वरच्या आकड्यात धरलेलेच आहेत. असा ढकलण्यासकट धरलेला जो आकडा, त्यास शास्त्रज्ञ एन्थाल्पी म्हणतात.

या उदारपणासही मर्यादा आहे. १० किलो पाण्यास २५ वरून १०० अंशांवर नेण्यास ७५० उष्मांक लागतात. ते सुमारे १.४ किलो वाफच देऊन टाकते. त्याहून अधिक वाफ उघड्या टाकीत सोडली तर ती बुडबुडत वर येऊन निघून जाईल.

साखर कारखान्यात हेच गणित उलट्या बाजूने मांडतात. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कित्येकदा अतितप्त असते. रस आटविण्यास अशी वाफ चांगली नव्हे. ती आधी नुसती निवत बसते, आणि गुप्त उष्णता मागाहून देते. म्हणून तिच्यात पाण्याचा फवारा मारतात. वातावरणाच्या अडीचपट दाबाची, १८० अंशांची वाफ किलोमागे सुमारे ६७५ उष्मांक आणते. त्याच दाबाची १२७ अंशांची साधी वाफ ६४९ बाळगते. हजार किलोंमागे २६,००० उष्मांक काढून घ्यावयाचे. फवाऱ्याचे पाणी ९० अंशांचे असल्यास त्याच्या प्रत्येक किलोस वाफ होण्यास ५५९ उष्मांक लागतील. भागाकार केला की साडेसेहेचाळीस किलो पाणी येते. हजार किलो वाफेत एवढेच! अधिक घातले तर वाफ ओली होते, आणि तिच्यातील प्रत्येक थेंब गुप्त उष्णतेवाचूनच भांड्यापर्यंत पोहोचतो.

फोड बरा होताच मी माझ्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो आणि चुकलो असे सांगितले. तो हसला, आणि लगेच त्याने लाकडांचे विचारले. २५ अंशांच्या पाण्याच्या एक किलो वाफेस ६१४ उष्मांक लागतात, ८१ अंशांच्या पाण्यास ५५८. म्हणजे अकरा मोळ्यांत एक मोळी वाचते. गेल्या हंगामातील मोळ्यांचा हिशेब त्याने तोंडी केला. मी मान खाली घालून ऐकला.

नळ आम्ही जादा वाफेच्या तोटीस जोडला. सुरक्षा-झडपेस हात लावू दिला नाही, कारण तिची वाट कधीही अरुंद करू नये. टाकीत ७७ अंश भरले. उरलेले उघड्या पत्र्याने खाल्ले. पण पंप बिथरला. तो खालच्या टाकीतून पाणी ओढून घेई, आणि इतके ऊन पाणी ओढताना आतच वाफ धरते. शेवटी टाकी पंपाहून पुरुषभर उंच चढविली, तेव्हा पाणी आपल्या वजनाने खाली येऊ लागले आणि पंप सुरळीत चालला.