घरातली परवान्याची बंदूक आणि वाढता विसराळूपणा

आपल्या समाजातील अनेक जण महार रेजिमेंटमध्ये आणि सैन्याच्या इतर पलटणींत होते. निवृत्तीनंतर काहींनी बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर सुरक्षारक्षकाची नोकरी धरली आणि त्यासाठी स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना काढला. नोकरी संपली, बारा बोअरची बंदूक मात्र कपाटात राहिली. आज यांतले काही जण सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या विसराळूपणाबद्दल घरात बोलणे होते, बंदुकीबद्दल होत नाही.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे म्हणजे आजार नव्हे. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. स्मृतिभ्रंशात बहुधा ताजी आठवण आधी जाते, जुनी सवय बराच काळ टिकते. धोका इथेच आहे. बंदूक कशी भरायची हे हाताला आठवते. ती भरून ठेवली आहे, हे आठवत नाही. कपाटाची किल्ली उघड्यावर राहते आणि नातवंडांच्या हाती लागते. पुढे काहींमध्ये संशय वाढतो: पैसे चोरले, घरात कोणी शिरले. रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगाही चोर वाटू शकतो. सोबत नैराश्य असेल, तर जवळची बंदूक आत्मघाताचा धोका वाढवते.

कायद्यात यावर मार्ग आहे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवानाधारक स्वतः अर्ज करून परवाना रद्द करून घेऊ शकतो. शस्त्र नियम, 2016 नुसार वयाच्या सत्तरीनंतर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र परवाना मिळेलच असे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षे आहे. नूतनीकरण विसरले, तर बंदूक बाळगणेच बेकायदेशीर ठरते. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते.

दोन गोष्टी टाळा. माहिती नसेल तर बंदूक रिकामी आहे का हे स्वतः तपासू नका. तसेच वडिलांच्या माघारी ती उचलून नेऊ नका. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. आधी पोलीस ठाण्यात विचारा आणि त्यांच्यासोबतच जा. तोवर काडतुसे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात ठेवायला त्यांनाच सांगा. ते समजण्याच्या पलीकडे गेले असतील, तर पोलिसांनाच घरी बोलवा.

बंदूक हिसकावून घेतली, तर जुन्या सैनिकाला तो अपमान वाटतो. त्यापेक्षा त्यांच्या भाषेत बोला: "बाबा, ड्युटी संपली की तुम्ही हत्यार कोतमध्ये जमा करायचात ना? हीपण आता जमा करू या." हे बोलणे त्यांना समजते आहे, सही करता येते आहे, तोवरच करायला हवे. आपल्या विहारात ज्येष्ठांची बैठक होत असेल, तर परवान्याचे कागद तपासून अर्ज लिहून देण्याचे काम तरुणांनी घ्यावे, अशी आमची विनंती आहे.